कॅनपीची कडी रिमोटच्या ताब्यात देण्यापूर्वी : आपल्याच मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
अमेरिकेत स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्या मराठी कुटुंबांचे मंडळ

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण आपल्या नऊ विमानांसाठी, कॅनपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, रिमोटने उघडणाऱ्या कड्यांचे नऊ संच एकत्र मागवण्याचा ठराव केला. इतिवृत्तात त्या ठरावाला अडीच ओळी मिळाल्या आहेत. चर्चा झाली ती किमतीवर आणि संच केव्हा येतील यावर. हवेत असताना ती कडी आपोआप सुटली तर काय होईल, किंवा जमिनीवर अपघात झाल्यावर ती उघडलीच नाही तर आतला माणूस बाहेर कसा येईल, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. मी स्वतः त्या बैठकीत हजर होतो, माझ्याकडे सांगण्यासारखा अनुभव होता, आणि तरीही मी पुरेशा ठामपणे बोललो नाही. ही माझी चूक झाली. ती सुधारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे पत्र मी खासगी न ठेवता सर्वांसमोर ठेवतो, याला दोन कारणे आहेत. आपण सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या कुटुंबांतील मुलांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना विमानातून फेरी मारून आणतो. त्यांच्या डोक्यावरचे झाकण कशाच्या आधारावर बंद आहे, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. दुसरे कारण असे की, आपण केलेली कामे पुण्या-नाशिक-कोल्हापूरची मुले बारकाईने पाहतात. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. तेव्हापासून आपणही असे काही करू शकतो असे वाटणाऱ्या मराठी मुलांची संख्या वाढली आहे. त्यांना आपल्याकडून सोय शिकायला मिळणार असेल, तर त्या सोयीला लागणारी काळजीही त्यांना सोबतच मिळाली पाहिजे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग एखाद्याने स्वतः, हौस म्हणून किंवा शिकण्यासाठी बांधला, तर ते विमान ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ या वर्गात नोंदवता येते. सुरुवातीचे साधारण २५ किंवा ४० तास, इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) प्रमाणित जोडीचे आहेत की नाहीत त्याप्रमाणे, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच आणि प्रवासी न घेता ते उडवावे लागते. कॅनपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे ॲक्रिलिकचे पारदर्शक झाकण. काही विमानांत त्याच्या बिजागऱ्या पुढे असतात, काहींत बाजूला, तर काहींत ते रुळांवरून मागे सरकते. आपल्या नऊपैकी सहा विमानांत बिजागऱ्या पुढे आहेत आणि तिघांत त्या उजव्या बाजूला आहेत. बिजागऱ्या कुठेही असोत, उड्डाणात ते झाकण जागेवर धरून ठेवणारी मुख्य वस्तू एकच, ती म्हणजे कडी.

आता माझा अनुभव सांगतो. रिमोटची कडी मी आपल्यापैकी सर्वांच्या आधी बसवली होती. माझे वडील सांगलीहून आले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हातात जोर राहिलेला नाही, आणि बाहेरून कॅनपीची मूठ ओढणे त्यांना जमत नव्हते. दुसऱ्याने दार उघडून दिलेले त्यांना आवडत नाही. म्हणून मी बाजारात मिळणारा एक संच आणला, त्यातली मोटर कडीला जोडली, आणि किल्लीच्या जुडग्यात मावेल एवढे रिमोट त्यांच्या हातात दिले. बटण दाबले की खट्‌ आवाज येऊन कॅनपी वर उचलली जायची. पहिल्या दिवशी त्यांनी ती किती वेळा उघडली याची मोजदाद नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो, म्हणूनच या सोयीची गरज आपल्याला का वाटते हे मी पूर्णपणे समजतो.

पाचव्या की सहाव्या फेरीच्या वेळची ही गोष्ट आहे. धावपट्टीच्या टोकाशी थांबून मी इंजिनाची तपासणी पूर्ण केली, पट्टे पुन्हा एकदा आवळले, आणि निघत असल्याचे सांगण्यासाठी १२२.८ मेगाहर्ट्झवर रेडिओचे बोलण्याचे बटण दाबले. मी पहिला शब्द उच्चारत असतानाच डोक्यावर खट्‌ आवाज झाला आणि कॅनपी वीतभर वर आली. बाबांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, “अरे, झाकण उघडलं बघ. मी काही दाबलेलं नाही.” त्यांच्या हातात काहीच नव्हते. रिमोट माझ्या सदऱ्याच्या खिशात, बटण लावून बंद केलेल्या कप्प्यात होते.

आम्ही हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडमध्ये, परत आलो. इंजिन बंद ठेवून, बाबांना तिवईवर बसवून, मी रेडिओचे बटण पुन्हा पुन्हा दाबले आणि ते वहीत खुणा करत राहिले. वीस वेळा दाबल्यावर कडी सात वेळा सुटली. कारण सापडायला दोन संध्याकाळ लागल्या. संचाच्या रिसीव्हरपासून बाहेरच्या एका छोट्या बटणापर्यंत मी सुमारे दीड मीटर साधी तार नेली होती, आणि आसनाखाली ती रेडिओच्या अँटेनाच्या केबलला अगदी चिकटून गेली होती. विमानातला रेडिओ साधारणपणे सहा ते दहा वॅटचा असतो. तो बोलायला लागला की त्या साध्या तारेत वीज उत्पन्न होत होती, आणि कोणीतरी बटण दाबले अशी रिसीव्हरची समजूत होत होती. तार बदलून, तिच्यावर जाळीचे आवरण घालून हा एक दोष दूर करता येतो आणि मी तो दूर करून पाहिलाही. त्यानंतर चाळीस वेळा बटण दाबूनही कडी सुटली नाही. तरीही मी संच काढून टाकला, कारण तोपर्यंत माझ्या लक्षात आले होते की मी एक चूक सुधारली आहे, पण जी मोटर चुकून फिरू शकते तीच माझ्या वडिलांच्या डोक्यावरचे झाकण धरून बसली आहे, ही मूळ गोष्ट तशीच राहिली आहे.

रेडिओचे बटण मी तीस सेकंद उशिरा दाबले असते, तर हे सारे जमिनीपासून दीडशे फुटांवर घडले असते. पुढे बिजागरी असलेली कॅनपी हवेत सुटली तर बहुतेक वेळा वाऱ्याच्या दाबाने काही इंच उघडी राहते आणि विमान उडत राहू शकते. मात्र शेपटीवर जाणारा हवेचा प्रवाह बिघडल्याने विमानाच्या नाकाचा तोल बदलतो, आत प्रचंड आवाज आणि वारा शिरतो, आणि वैमानिकाचा हात नकळत झाकणाकडे जातो. ते झाकण ओढून धरण्याच्या नादात वेगाकडे दुर्लक्ष होते, आणि तेथेच जीव जातो. बाजूला बिजागरी असलेली कॅनपी तर क्षणात पूर्ण उघडते आणि तुटून मागे शेपटीवर आदळू शकते. ‘लाँग-ईझी’सारख्या हौशी बांधणीच्या विमानांच्या आराखड्यात मुख्य कड्यांखेरीज एक वेगळा सुरक्षा-खटका दिलेला असतो, तो याच कारणासाठी. आपल्या संचाच्या माहितीपत्रकात हा दुसरा खटका ‘आता अनावश्यक’ म्हणून काढून टाकायला सांगितले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले?

आपल्या निर्णयाविरुद्धचे माझे आक्षेप आता क्रमाने मांडतो.

पहिला आक्षेप खुद्द संचाविषयी आहे. ही वस्तू मोटारीच्या डिकीसाठी बनवलेली आहे. तिच्या खोक्यावर अमेरिकेच्या दूरसंचार नियमांच्या भाग १५ मधला मजकूर छापलेला आहे, आणि तो मी आपणा सर्वांना शब्दशः वाचायची विनंती करतो. बाहेरून येणारा कोणताही व्यत्यय या उपकरणाने सहन केला पाहिजे, आणि ज्यामुळे उपकरण नको तेव्हा काम करेल असा व्यत्ययही त्यात धरलेला आहे, असा त्याचा अर्थ आहे. मोटारीची डिकी वाहनतळावर उभ्या उभ्या उघडली तर त्या वाक्याने कोणाचे काही बिघडत नाही. तेच वाक्य कॅनपीच्या कडीला लागू होते, तेव्हा उत्पादकाने आपल्याला आगाऊ लेखी कळवले आहे की ही वस्तू नको तेव्हा उघडू शकते. ते वाचूनही आपण ती बसवली, तर पुढे दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही.

याच संचातले एक रिमोट मी उघडून पाहिले आहे. त्यात सांकेतिक क्रमांक दर वेळी बदलत नाही. तो चिपच्या आठ पायांवर डाग देऊन (सोल्डर करून) कायमचा ठरवला जातो. प्रत्येक पाय धन बाजूला जोडायचा, ऋण बाजूला जोडायचा किंवा मोकळा सोडायचा, अशी तीन प्रकारची निवड असते, म्हणून एकूण ६,५६१ क्रमांक होऊ शकतात. माझ्या हातात आलेल्या रिमोटमध्ये आठही पाय मोकळे सोडलेले होते, आणि नमुन्यादाखल आलेल्या दुसऱ्या संचातही तसेच, म्हणजे दोघांचा क्रमांक एकच. आपली नऊ विमाने उन्हाळ्यात ऑशकॉशला भरणाऱ्या हौशी विमानांच्या मेळाव्यात एका ओळीत उभी राहतात. एकाच्या खिशातले बटण दाबले गेले आणि शेजारचा इंजिन चालू करून निघालेला असला, तर काय होईल याची आपण कल्पना करावी. शिवाय या रिसीव्हरचे तीन प्रकार मिळतात. एकात बटण दाबलेले असेपर्यंतच रिले (मोटरला वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) चालू राहतो, दुसऱ्यात एकदा दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद होतो, तिसऱ्यात एका बटणाने चालू झालेला रिले दुसरे बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. आपण कोणता प्रकार मागवला आहे, हे आपल्या मागणीपत्रात लिहिलेलेच नाही.

दुसरा आक्षेप विजेविषयी आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टर एवढी वीज ओढतो की बॅटरीचे व्होल्टेज काही क्षण खूप खाली येते. त्या क्षणी रिसीव्हरसारखी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि सुरू होताना तिच्यातून काय बाहेर पडेल याची खात्री नसते. ज्यांनी रिमोटच्या खेळण्यातल्या विमानांच्या सर्व्हो मोटरी कडीला लावायचे सुचवले आहे, त्यांनी ती मोटर टेबलावर ठेवून वीज चालू-बंद करून पाहावी. वीज येताच तिचा दांडा एक हिसका देतो, आणि तो डोळ्यांना सहज दिसतो.

उलट बाजूने, मोटरपर्यंत जाणारी तार बारीक असेल तर मोटर पूर्ण फिरत नाही आणि कडी अर्धवट बसते. हे कोणाला क्षुल्लक वाटू नये, म्हणून डीसी-१० विमानांची गोष्ट येथे सांगतो. त्यांच्या मालाच्या दाराचे आकडे (हुक) विजेच्या मोटरीने फिरून मध्यबिंदूच्या पलीकडे जाऊन बसत, म्हणजे दारावर जोर आला तरी ते आपोआप उलटे फिरू नयेत. ते पूर्ण बसले नसले तरी बाहेरची मूठ जोर लावून बंद करता येत असे, आणि मूठ बंद झाली की वैमानिकासमोरचा इशाऱ्याचा दिवाही विझत असे. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरच्या वर असे एक दार हवेत उघडले. कोणी दगावले नाही आणि दुरुस्तीचे काम सक्तीचे न करता उत्पादकाच्या भरवशावर सोडले गेले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ दुसऱ्या विमानाचे तेच दार उघडले आणि ३४६ माणसे मेली. आपल्या संचातला हिरवा दिवा कशावर लागतो, हे मी तपासले आहे. त्याचा स्विच मोटरच्या दांड्यावर आहे, कडीच्या आकड्यावर नाही. मोटर फिरली की दिवा हिरवा होणार, मग आकडा खाचेत बसलेला असो की खाचेच्या कडेवर अडकलेला असो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यासाठी मला युनायटेड एअरलाइन्सच्या ८११ क्रमांकाच्या उड्डाणाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी होनोलुलुहून न्यूझीलंडकडे निघालेल्या बोइंग ७४७ चे मालाचे दार समुद्रावर असताना उघडून तुटले आणि बाजूची भिंत फाटून नऊ प्रवासी बाहेर फेकले गेले. सुरुवातीला तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा होता की झिजलेल्या कुलूपांमुळे दार नीट बंद झालेले नसावे. त्या अपघातात मुलगा गमावलेल्या न्यूझीलंडच्या एका दांपत्याने स्वतः कागदपत्रे जमवून पाठपुरावा केला. १९९० मध्ये प्रशांत महासागराच्या तळातून ते दार बाहेर काढण्यात आले, आणि १९९२ मध्ये निष्कर्ष बदलला गेला. दार व्यवस्थित बंद झालेले होते, पण सदोष स्विचमुळे किंवा वायरिंगमुळे विजेच्या मोटरीने आकडे पुन्हा उघडण्याच्या दिशेने फिरवले, आणि त्यांना अडवण्यासाठी असलेली कुलूपे त्या जोरापुढे वाकली, असा तो सुधारित निष्कर्ष होता. मधल्या काळात, १९९१ मध्ये, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उभ्या असलेल्या ७४७ चे दार कोणी न उघडता विजेने उघडलेही होते.

ज्या विमानाच्या मागे शेकडो अभियंते होते, त्यात हे घडले. आपल्या गॅरेजमध्ये आपल्यामागे कोणी नाही. आपण मोटरीच्या हाती मुख्य कडी देतो, आणि मोटर चुकीच्या दिशेने फिरली तर तिला अडवणारे पोलादी काहीही आपल्या आराखड्यात नाही.

चौथा आक्षेप बाहेर पडण्याविषयी आहे. आपल्यापैकी पाच विमानांना नाकाखाली चाक आहे. मऊ जमिनीवर ते चाक रुतले किंवा त्याचा पाय वाकला तर विमान पालथे होऊ शकते, आणि अशा प्रकारची विमाने पालथी झाल्याची उदाहरणे आपल्याला चांगली माहीत आहेत. पालथ्या विमानात माणूस पट्ट्यांना लटकलेला असतो, पंखांतून पेट्रोल गळत असते, आणि वैमानिकाला पहिली गोष्ट शिकवलेली असते ती बॅटरीचा मुख्य स्विच बंद करण्याची. तो स्विच बंद झाला की आपली रिमोटची कडी मेली. धावत आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसाकडे रिमोट नसते. संच बसवताना बाहेरची मूठ काढून ते भोक बुजवायचे, म्हणजे विमान देखणे दिसेल, असा प्रस्ताव इतिवृत्तात नोंदवलेला आहे. हा प्रस्ताव मला अजिबात मान्य नाही आणि तो ताबडतोब मागे घेतला जावा.

येथे मला १२ ऑक्टोबर १९९७ ची घटना आठवते. गायक जॉन डेन्व्हर हे नुकतेच विकत घेतलेले ‘लाँग-ईझी’ विमान घेऊन कॅलिफोर्नियाच्या मॉन्टरे उपसागरावर उडत असताना कोसळून मरण पावले. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या पुढे होता. विमान बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. तसे करण्यामागे त्याचा हेतू वाईट नव्हता, इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात नकोत असे त्याला वाटले होते. पण त्या खटक्यापर्यंत हात पोचवण्यासाठी पूर्ण वळावे लागे, आणि तपासात या बदललेल्या जागेला अपघाताच्या कारणांत स्थान मिळाले. एका मुठीची जागा बदलणे हे बांधणाऱ्याला लहान काम वाटते. विमान पुढे कोणाच्या हातात जाईल आणि त्याला कोणत्या घडीला ती मूठ लागेल, हे त्याला ठाऊक नसते. आपली विमानेही कधी तरी विकली जाणारच आहेत.

पाचवा आक्षेप आपल्या पद्धतीवर आहे. हा ‘किरकोळ बदल’ असल्याने कोणाला दाखवण्याची गरज नाही, असे बैठकीत सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये आपल्यासारख्यांना असा बदल करायचा झाला तर लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या अभियंत्यांची मंजुरी घ्यावी लागते. अमेरिकेत आपल्याला जास्त मोकळीक आहे, आणि ती मोलाची आहे. पण येथेही १९५३ पासून काम करणाऱ्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे स्वयंसेवक तांत्रिक सल्लागार आहेत, ते बोलावले की घरी येऊन काम पाहतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आपण एकालाही बोलावले नाही. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, अमेरिकेतल्या खासगी विमानांत हौशी बांधणीची विमाने सुमारे १० टक्के असली तरी २०११ मधल्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. आपल्याला मिळालेली मोकळीक टिकवायची असेल, तर ते २१ टक्के कमी करण्याचे काम आपलेच आहे.

एवढे लिहूनही मी रिमोटच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. बोटांचे सांधे धरलेली माणसे आपल्यात आहेत, एका ताईंचा खांदा नुकताच शस्त्रक्रियेतून बरा होतो आहे, आणि पावसात पंखावर उभे राहून कुलूप चाचपणे कोणालाच सोपे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रिमोटने जमिनीवर सोय करावी, आणि उड्डाणात कॅनपी धरून ठेवणारी कडी पूर्णपणे माणसाच्या हातात राहावी. घराच्या दाराला विजेचे कुलूप लावले तरी रात्री आतून अडसर घालतातच. तो अडसर बाहेरच्या कोणत्याही बटणाने निघत नाही, तशीच रचना येथे हवी.

त्या दृष्टीने माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नऊ संचांची मागणी तूर्त थांबवावी, आणि ज्या दोन सभासदांनी नमुन्याचे संच बसवले आहेत त्यांनी त्यांची तार बॅटरीपासून सोडवून ठेवावी, तोपर्यंत प्रवासी घेऊ नयेत.

मुख्य कडी हाताने फिरणारी, मध्यबिंदूच्या पलीकडे जाऊन बसणारी असावी आणि तिला कोणतीही मोटर जोडू नये. रिमोटची मोटर फक्त एका वेगळ्या, हलक्या खटक्याला जोडावी, जो विमान उभे असताना कॅनपी बंद ठेवण्यापुरता असेल. आराखड्यात दिलेला सुरक्षा-खटका कोणीही काढू नये.

मोटरकडे जाणारी वीज इंजिन चालू असताना प्रत्यक्ष तोडलेली असावी. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारा स्विच वापरता येतो. दाब आला की त्याचा संपर्क सुटतो आणि मोटरची मुख्य तारच तुटते. हा स्विच रिसीव्हरच्या इशाऱ्याच्या तारेत बसवून चालणार नाही, तो मोटरच्या विजेच्याच वाटेत हवा. प्रोग्राम लिहून हे काम करू नये, कारण जी पाटी गोंधळू शकते तिलाच पहारा द्यायला सांगितल्यासारखे ते होईल. त्याखेरीज पॅनलवर या मोटरचा, हाताने चालवायचा एक स्विच असावा आणि तो बंद करणे उड्डाणापूर्वीच्या तपासणी यादीत लिहिलेले असावे.

आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून, विजेशिवाय एका हाताने उघडणारी मूठ प्रत्येक विमानाला असावी. बाहेरच्या मुठीजवळ ती कशी फिरवायची याची खूण ठळक रंगात असावी. ॲक्रिलिक फोडण्याचे हत्यार दोन्ही आसनांवरून, पट्टे बांधलेले असताना, हाताला लागले पाहिजे. मुख्य स्विच बंद करून आणि डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येक सभासदाने कॅनपी उघडून दाखवावी. ज्याला जमणार नाही त्याच्या विमानाची मूठ बदलावी.

हिरव्या दिव्याचा स्विच आकड्याच्या टोकाशी असावा, म्हणजे आकडा खाचेत पूर्ण शिरल्यावरच तो दाबला जाईल.

प्रत्येक विमानाची जमिनीवर चाचणी व्हावी, आणि ती मी बाबांबरोबर केली तशी, एकाने बटण दाबायचे व दुसऱ्याने वहीत लिहायचे, या पद्धतीने व्हावी. रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी बोलवून पाहावा. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख पाठवणारे उपकरण), पंखांच्या टोकांचे लुकलुकणारे दिवे आणि स्टार्टर चालू असताना पाहावे. नऊही विमाने शेजारी उभी करून प्रत्येकाचे रिमोट दाबून पाहावे. त्यानंतर किमान पाच तासांची उड्डाणे एकट्याने करावीत, आणि मगच दुसऱ्या आसनावर कोणाला बसवावे. कायदा या बदलाला मोठा मानतो की लहान, याची वाट न पाहता आपण स्वतःहून हा नियम पाळावा. काम झाल्यावर आराखडा, तारांचा नकाशा आणि चाचणीची वही विमानाच्या नोंदवहीला जोडावी, आणि तांत्रिक सल्लागाराने ते पाहिल्याची सही घ्यावी.

शेवटची मागणी आपल्या चित्रफितींविषयी आहे. नमुन्याच्या संचाची जी चित्रफीत मंडळाच्या नावाने पसरली आहे, ती मागे घ्यावी, किंवा तिच्या सुरुवातीलाच वरील अटी मराठीत स्पष्ट सांगाव्यात. ती पाहून एखादा मुलगा वाईत किंवा इचलकरंजीत असाच संच जोडत बसला असेल, आणि त्याच्या शेजारी विचारायला कोणी नसेल.

माझ्या विमानाची आजची स्थितीही सांगून ठेवतो. रिमोट काढल्यावर मी बाहेरच्या मुठीची लांबी ७ सेंटिमीटरवरून १८ सेंटिमीटर केली. तिला लागणारे बळ निम्म्याहून कमी झाले, आणि बाबा आता ती डाव्या हाताने उघडतात. ती दिसायला तितकी देखणी नाही. मूठ, काढलेला संच, जळलेला एक रिले आणि बाबांनी खुणा केलेली ती वही घेऊन मी पुढच्या बैठकीला येणार आहे. या विषयाला कार्यक्रमपत्रिकेत पहिले स्थान आणि किमान एक तास द्यावा, ही विनंती. चाचणीसाठी लागणारी मोजमापाची साधने माझ्याकडे आहेत आणि कोणाच्याही हँगरमध्ये येऊन काम करण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद